जुन्यातलं काढून नव्यात

सुवोंदोचा, सगळ्यांच्या वोंदोचा, लॅपटॉप बंद पडला तेव्हा पार्तिना घरी नव्हती. इंडोनेशियातल्या सेमारांगच्या उत्तर टोकाला, खाडीच्या कडेनं मासळीला धुरी देणाऱ्या शेडची रांग आहे. तिथं ती सकाळपासून पाकटाचे तुकडे बांबूच्या काडीत ओवत बसायची. दुपारी घरी आली, दारातल्या भरतीच्या पाण्यात भिजलेल्या चपला विटेवर उलट्या ठेवल्या, आणि आत पाऊल टाकलं तर आधी कानावर आवाज आला. टिक. टिक. टिक. नवऱ्याच्या अंगठ्याखालच्या बटणाचा. टेबलावर लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर पडलेला, आणि वोंदो त्याच्यावर डोळे रोखून बटण दाबतोय. किती वेळ दाबत होता कुणास ठाऊक. गळ्याखालची उशी लाळेनं चिंब झाली होती.

"थांबा हो मास, थांबा. बंद पडलाय तो," ती म्हणाली. मास म्हणजे दादा; बायका नवऱ्यालाही तशीच हाक मारतात.

अंगठा थांबला. मग पुन्हा एकदा, टिक.

एके काळी सगळं उत्तर सेमारांग वोंदोला आवाजावरून ओळखायचं. गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा व्हायच्या त्यांचा तो निवेदक. मैदानात ओळीनं पिंजरे टांगलेले, पक्षी गातायत, आणि आपल्या पक्ष्याकडे पंचांचं लक्ष जावं म्हणून मालक लोक कुंपणाबाहेरून बेंबीच्या देठापासून ओरडतायत. त्या शेकडो माणसांना गप्प करायला वोंदोला माइक लागत नसे. "बावीस नंबरवाले, गाणार कोण आहे, पक्षी का तुम्ही?" एवढं म्हणाला की मैदान खदखदून हसायचं आणि हसता हसता शांत व्हायचं.

मग एका रविवारी त्याची जीभ अडखळायला लागली. लोकांना वाटलं, प्यालाय. पक्षीमंडळाचे अध्यक्ष पाक सोबिरिन, म्हणजे सोबिरिनसाहेब, यांनी त्याला मांडवामागे नेऊन चक्क तोंडाचा वास घेतला. पुढच्या वर्षी हात गेले, त्यानंतर पाय. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं रोगाचं भलंमोठं नाव सांगितलं आणि म्हणाला, नसा एकेक करून विझत जातात, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. डोकं शाबूत राहतं ही पार्तिनाला तेव्हा चांगली बातमी वाटली होती.

लॅपटॉपवर अक्षरांचा तक्ता त्याच इस्पितळातल्या एका बाईनं बसवून दिला होता. एक पिवळी चौकट ओळीओळीवरून खाली सरकत जायची. हव्या त्या ओळीवर आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकायची, तिथं पुन्हा दाबायचं. वाक्य जमलं की लॅपटॉप ते बोलून दाखवायचा, एका तरुण बाईच्या लाडिक आवाजात. वोंदोनं त्या आवाजात बोललेलं पहिलं वाक्य होतं, "ही कुठली बया घरात आणलीस." पार्तिना हसून हसून खाली बसली होती. मग तो त्या बयेच्याच तोंडून बोलायला लागला. दिवसभर बोलायचा. गल्लीतल्या बायका खिडकीशी थांबून त्याच्याकडून चहाड्या ऐकायच्या.

आता ती बया मेली.

वोंदोच्या धाकट्या भावाची, गियार्तोची, पुलाखाली मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. बोलायला पुढे, यायला मागे, असा तो गडी. पण या वेळी निरोप गेल्यावर लगेच आला. घरात त्याला मान तिरकी करूनच वावरावं लागे, कारण भरतीचं पाणी आत येतं म्हणून दर थोड्या वर्षांनी जमिनीत भर घालायची, छत मात्र होतं तिथंच. खिडकीची चौकट आता पार्तिनाच्या गुडघ्याला लागत होती.

त्यानं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि झाकण उचकटलं. आत पंख्याच्या पात्यांत पक्ष्यांची बारीक पिसं आणि दाण्यांची टरफलं गुंतली होती. आणि सगळ्या हिरव्या पाटीवर पांढरट साय धरलेली.

"हे बघा म्बाक," तो वहिनीला म्हणाला. "मीठ. खाऱ्या हवेनं खाल्ला."

"मग धुऊन काढ की."

"धुऊन काय होतंय? मेनबोर्डच गेलाय. मेलेल्याला कुणी दुरुस्त..." गियार्तोनं जीभ चावली आणि खाटेकडे पाहिलं.

वोंदो छताकडे बघत होता. ते त्याच्या नाकापासून फार लांब नव्हतं.

पक्षीमंडळाला बातमी लागायला वेळ लागला नाही. महिन्याभरात पाक सोबिरिन दहा-बारा जणांना घेऊन दारात हजर. सगळ्यांच्या अंगात मंडळाचे हिरवे शर्ट, हातात एक लांबलचक फलक, त्यावर वोंदोचा जुना फोटो, आणि रंगीत कागदात गुंडाळलेला नवा लॅपटॉप. सगळ्यांनी मिळून घेतला होता. खोलीत मावेनात म्हणून निम्मे दारातल्या पाण्यात उभे राहिले.

"काय वोंदो! मैदान सुनं पडलंय रे तुझ्यावाचून," सोबिरिन मोठ्यानं म्हणाले. वोंदोला ऐकू नीट यायचं, तरी सगळे त्याच्याशी मोठ्यानंच बोलायचे. "आता हा घे आणि बोल. दे एक सणसणीत हाळी!"

सगळे वाट बघत राहिले. लॅपटॉपात अजून अक्षरांचा तक्ताच नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी फोटो काढले, पार्तिनानं कॉफी केली, एक म्हातारा पक्षीवाला खाटेजवळ उभा राहून रडला, आणि मंडळी गेली.

लॅपटॉप दिसायला देखणा होता, पातळ, निळाशार. पण दुकानदारानं त्या भाबड्या माणसांच्या गळ्यात सगळ्यात कमी कुवतीचा मारला होता. गियार्तोनं त्यावर तक्ता चढवला आणि त्याच दिवशी कळून चुकलं. पिवळी चौकट सरकायची, मधेच गोठायची, आणि मग दोन घरं गिळून भलतीकडेच उडी मारायची. वोंदोचा अंगठा वेळेवर पडे, यंत्र मागून येई. जुन्या लॅपटॉपला त्याची बोलायची तऱ्हा पाठ होती, एक अक्षर टाकलं की पुढचा शब्द तोच सुचवायचा. या नव्याला काहीच ठाऊक नव्हतं.

एके दिवशी सकाळी बराच वेळ झटून त्यानं एक शब्द जमवला आणि बया म्हणाली, "पाव."

"पाव?" पार्तिना हातातलं ठेवून आली. "पाव कशाला हवाय? पाणी तरी गिळवतंय का तुम्हाला?"

त्यानं पुन्हा सुरुवात केली. चौकट अडली, सरकली. "पाव."

"अहो पण पाव कुठनं आणू मी आत्ता?"

डोळ्यांतनं पाणी येईतो त्यानं पुन्हा दाबलं. पाव. मग तिला दिसलं की त्याचा डावा पाय गुडघ्यात मुडपून खाटेच्या दांडीत अडकलाय आणि पाऊल निळं पडलंय. य आणि व एकाच ओळीत. चौकटीनं उडी मारली होती. तिनं पाय सरळ केला, चोळला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पाय म्हणायचं होतं होय." त्या दिवसानंतर त्यानं बटण दाबणं कमी केलं. एखाददुसरा शब्द. मग तोही नाही.

सोबिरिनांचा फोन आला की ती सांगायची, "छान चाललाय हो पाक. खूप बोलतात." दुसरं काय सांगणार?

गियार्तो पुन्हा दिसेनासा झाला. एका दुपारी शेडवरनं परस्पर, अंगाला धुराचा वास घेऊनच, पार्तिना त्याच्या टपरीवर गेली. पिशवीतनं मेलेला लॅपटॉप काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"म्बाक, हा गेलाय हो. सांगितलं ना मी."

"माहितीय मला गेलाय. मी वेगळंच विचारतेय. आमच्याकडं चूल खचली की तिच्या सळया चांगल्या असल्या तर दुसऱ्या चुलीला लावतात. याच्यातलं काही त्या नव्यात नाही का लागणार? हा तर भराभर चालायचा."

गियार्तोनं डोकं खाजवलं. विचार त्याच्या मनात आलेला नव्हता असं नाही. पण नवा उघडायचा म्हणजे मागची हमीची चिकटपट्टी फाडायची, आणि काही बिघडलं तर मंडळाच्या देणगीचं वाटोळं कुणी केलं, तर गियार्तोनं.

"मेमरी निघेल," तो सावकाश म्हणाला. "डिस्कही चांगली असेल तर... त्याचे शब्द सगळे तिच्यातच आहेत. पण जागा जुळायला हवी. आणि पाक सोबिरिननी विचारलं तर?"

"मी सांगेन, मी उघडला. माशाच्या सुरीनं."

रविवारी तो आला. पार्तिनानं खाटेशेजारी पाट मांडून त्यावर धुतलेला पंचा अंथरला, आणि वोंदोचं डोकं उशीनं वळवून दिलं, त्याला दिसावं म्हणून. गियार्तोनं आधी जुना उघडला. बोटाएवढी लांब एक हिरवी पट्टी, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सरकवल्याबरोबर तिरकी होऊन वर आली. तिच्या कडेचे सोनेरी दात काळवंडले होते. त्यानं शाळकरी खोडरबर काढला आणि ते घासायला लागला.

"खोडरबर?" पार्तिना म्हणाली.

"सगळे असंच करतात."

मग डिस्क. तीही एक छोटी चपटी पट्टीच, एका स्क्रूवर बसलेली. त्यानं ती तळहातावर घेऊन भावाच्या डोळ्यांसमोर धरली. "बघ मास, तुझं सगळं बोलणं. एवढंसं."

वोंदोनं पाहिलं. गियार्तोला वाटलं, आपण हे म्हणायला नको होतं.

नव्याचं झाकण दातओठ खाऊन ओढल्यावर निघालं. आत जवळजवळ सगळी मोकळीच जागा, रिकामं घर असावं तशी. त्याची स्वतःची मेमरी पाटीवर डाक देऊन चिकटवलेली, पण शेजारी एक खाच मोकळी होती, आणि डिस्कलाही जागा होती. पार्तिनाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण गियार्तोचा चेहरा उजळलेला तिला कळला. पट्टी तिरकी खुपसली, दाबली, खिट्ट्या बसल्या. डिस्क सरकवली. झाकण न लावताच त्यानं चालू केला.

पडदा काळा.

त्यानं बंद केला, पुन्हा चालू केला. दिवा लागला, पडदा काळाच.

"गियार्तो."

"थांबा."

"दोन्ही घालवलेस का रे?"

"म्बाक, तुम्ही जरा बाहेर जाता का? तुमच्या श्वासाचा आवाज येतोय मला."

ती बाहेर गेली नाही. गियार्तोनं पट्टी काढली, पुन्हा घासली, खाचेत फुंकर मारली. परत बसवली. काळा. कपाळाचा घाम त्यानं बाहीनं पुसला आणि खाटेकडे न बघता पुटपुटला, "मास, मला शिव्या देऊ नकोस." डिस्क बाहेर काढून नुसती मेमरी ठेवली, आणि या वेळी पट्टी इतक्या जोरात दाबली की पाटी वाकल्यासारखी वाटली. खट्‍ असा आवाज झाला. पहिल्यांदा ती पुरती बसलीच नव्हती.

पडदा उजळला.

त्यापुढचं सरळ झालं. डिस्क परत बसली, जुन्या तक्त्याचं सगळं सामान नव्यात आलं, वोंदोनं कडेला बनवून ठेवलेली तयार वाक्यांची बटणंसुद्धा. 'पाठ खाजतेय.' 'पंखा.' 'कोण आलंय.' पिवळी चौकट आता तेल लावल्यासारखी सरकत होती. गियार्तोनं बटण भावाच्या अंगठ्याखाली ठेवलं. पार्तिनाला वाटलं, तो काहीतरी मोठं बोलेल.

टिक. टिक. टिक-टिक.

"गियार्तो तू जाड झालायस," बया म्हणाली.

गियार्तो हसला आणि हसता हसता एकदम तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसला. त्याचे खांदे हलत होते. पार्तिनानं त्याला पोटभर जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. ती शेडवरनं आली, पंचा पिळत होती, आणि मागनं लाडिक आवाज आला, "मुराई कुठेय."

मुराई म्हणजे त्याचा लाडका पक्षी, लांब शेपटीचा. त्याचा पिंजरा ओसरीवर टांगलेला असे. पिंजरा तिथं नाही हे वोंदोला कधीच कळलं होतं, त्याला विचारता येत नव्हतं एवढंच.

"पाक सोबिरिनांकडे दिलाय," ती म्हणाली. "सांभाळायला."

"मला विचारलंस का."

"कशाच्या जिवावर विचारणार होते? पायाचा पाव होत होता तुमच्या."

टिक-टिक-टिक. "माझा पक्षी."

"आणि त्याला नाकतोडे कोण पकडून घालणार? मी? सकाळी मासळी, दुपारी तुमची जेवणाची नळी, संध्याकाळी तुमची अंघोळ, आणि त्यातनं नाकतोडे?"

"तुला तो आवडतच नव्हता गाढवी."

"नव्हताच आवडत! पहाटे पहाटे बोंबलायचा मेला, तुमच्यासारखा!"

खिडकीतून शेजारणींची डोकी दिसली. इतक्या गोड आवाजात कुणी कुणाला गाढवी म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. पार्तिनानं पंचा आपटला, तणतणत मागच्या दारात गेली आणि पाण्यात पाय सोडून बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला फार बरं वाटतंय. असं भांडून वर्ष झालं असेल. ती मनात पुढचं उत्तर जुळवायला लागली.

आत गेली तर तो वाट बघत होता. चौकट अक्षरांवर नव्हती, कडेच्या बटणांवर होती. त्यातलं एक नवं होतं. ती शेडवर असताना त्यानं सकाळभर खपून तयार केलेलं. त्यानं दाबलं.

"श्वास बंद पडायला लागला तर इस्पितळात नेऊ नको. गळ्याला भोक पाडू देऊ नको. घरी राहू दे."

पार्तिनानं ओले पाय पुसायचे थांबवले.

"काय म्हणालात?" तिनं ऐकलं होतं.

टिक. "श्वास बंद पडायला लागला तर इस्पितळात नेऊ नको. गळ्याला भोक पाडू देऊ नको. घरी राहू दे." तोच आवाज, तोच चढउतार, फिरत्या आइस्क्रीमवाल्याच्या गाडीवर वाजणाऱ्या बाईच्या आवाजासारखा.

"हे कधी ठरवलंत?"

तो अक्षरांकडे वळला नाही. तिसऱ्यांदा तेच बटण दाबलं.

"बस. कळलं," ती म्हणाली. "बंद करा ते." आणि भात लावायला गेली. तांदूळ धुताना तिला समजेना, कितव्यांदा पाणी बदलतोय आपण.

ते दिवस तसे बोलण्याचे गेले. त्यानं शेजारच्या पोरीच्या लग्नाची चौकशी केली, सोबिरिनांना फोनवर हाळी ऐकवली, गियार्तोकडून टपरीच्या भाड्याचं खरं-खोटं काढून घेतलं. पण पार्तिना त्याच्या अंगठ्याकडे बघत असे. दोन टिकांमधलं अंतर वाढत होतं. चौकट सरळ, वेळेवर सरकायची, हवं ते अक्षर यायचं आणि अंगठा पोचायच्या आत निघून जायचं. तिनं गियार्तोला सांगून चौकटीची चाल कमी करवून घेतली. मग आणखी कमी. एवढा आटापिटा करून जे यंत्र पळतं केलं, त्याला आता रांगायला लावत होते.

गियार्तोनं बटणाची स्प्रिंग काढून मऊ बसवली. एका सकाळी अंगठा त्या मऊ बटणावरही नुसता पडून राहिला. तिनं तो उचलून धरला, "दाबा," म्हणाली. अंगठ्याच्या मुळाशी कातडीखाली किडा वळवळल्यासारखं काहीतरी थरथरलं. दाबलं गेलं नाही.

मग बटण गालाला बांधलं. डोक्याभोवती पट्टी, त्यात बटण, गाल फुगवला की टिक. ते चार दिवस बरं चाललं. पण त्याला खोकला झाला, आणि खोकला आला की गाल हले, आणि यंत्र आपलं मनानंच बोलायला लागे. "पाठ खाजतेय. पाठ खाजतेय. कोण आलंय. पंखा." एकदा खोकल्याची मोठी उबळ आली, तो गुदमरतोय, पार्तिना त्याला कुशीवर वळवून पाठ थोपटतेय, आणि बया गोड आवाजात सांगतेय, "घरी राहू दे. घरी राहू दे." तिनं लाथ मारून वायर उपटली.

गाल गेला. भुवईवर लावून पाहिलं, पायाच्या बोटावर लावून पाहिलं. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रं असतात, इस्पितळातल्या बाईनं सांगितलं, पण त्याचा कॅमेरा परदेशातून मागवावा लागतो, आणि हा लॅपटॉप त्याला पुरणार नाही. गियार्तो म्हणाला, "अजून मेमरी घालायला खाच नाहीय म्बाक. होती ती एकच." जणू कुणी त्याला दोष देत होतं.

आरोग्य केंद्रातल्या परिचारिका बू रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, यांनी मग पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली. पार्तिनानं ओळीवरून बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की त्यानं डोळे मिटायचे. हो म्हणायचं असेल तर डोळे मिटायचे, नाही म्हणायचं तर वर बघायचं. साधी गोष्ट होती. पार्तिनाला वाचायला येई, पण धुरानं अधू झालेल्या डोळ्यांना अक्षरं पुसट दिसत, आणि ती घाईनं शब्द पुरा करी. तो 'उ' म्हणाला की ती म्हणे, "उशी? उकडतंय? उठवू?" तो वर बघे, वर बघे, आणि शेवटी थकून मिटून घेई, आणि ती म्हणे, "उकडतंय. बरं," आणि पंखा लावी. त्याला थंडी वाजत असायची.

पुढे पुढे ती पुठ्ठा घेऊन आली की तो आधीच डोळे मिटून घ्यायला लागला. पहिल्या ओळीला मिटे आणि उघडतच नसे. ती शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेई, त्याच्या बंद पापण्यांपुढून. निळा लॅपटॉप टेबलावर होता. ती रोज त्याच्यावरची खार पुसायची.

बू रेत्नोच एकदा म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक विचारू? केंदालला एक बाई आहेत, शाळेत गाणं शिकवायच्या. हाच आजार. बोटं हलतायत अजून, पण बोलणं गेलंय. त्यांच्याकडे यंत्र नाहीय."

पार्तिना म्हणाली, "ह्यांना विचारते."

बू रेत्नो गेल्यावर ती खाटेवर बसली. "मास, तुमचा लॅपटॉप त्या बाईंना देऊ का?"

वोंदोनं डोळे मिटले.

ती थांबली. पापण्या उघडल्या नाहीत. बाहेर कुणीतरी पाण्यातून सायकल ढकलत नेत होतं.

"हे हो म्हणताय का? का जा म्हणताय मला?"

पापण्या तशाच.

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. पुन्हा मिटले. तिसऱ्या दिवशी तिनं उलटं विचारलं, "ठेवू का आपल्याकडेच?" तेव्हाही मिटले.

आठवड्यानंतर तिनं गियार्तोला बोलावलं. त्यानं लॅपटॉप उघडला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "म्बाक, त्याची बटणं आहेत अजून. वाक्यं. ती पुसू ना?"

"पूस."

"सगळी?"

"दुसऱ्या बाईच्या घरात ती वाक्यं कशाला?"

पुसून झाल्यावर तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन घुटमळला. "जुन्यातली ती पट्टी काढून देऊ का तुम्हाला? निदान आपली..."

"आणि तिच्याशिवाय तो चालेल होय? पुन्हा पाव म्हणत बसेल त्या बाईला. राहू दे." तिनं लॅपटॉप पंच्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. तो वाकून दारातून गेला. जाताना भावाला काहीतरी म्हणावं असं त्याला वाटलं असावं, पण वोंदोचे डोळे बंद होते.

पावसाळी वाऱ्याचा महिना लागला, पाणी उंबऱ्यावरून आत यायला लागलं, पार्तिनानं खाटेखाली आणखी एकेक वीट सरकवली. वोंदो छताच्या आणखी जवळ गेला. त्याचा श्वास आता घशात घर्रर्र करायचा. बू रेत्नो येऊन नळी बदलून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, केंदालच्या बाईंचं छान चाललंय, खूप बोलतात, नवऱ्याला भंडावून सोडलंय अगदी.

"बरं झालं," पार्तिना म्हणाली. तिला बरं वाटायची ती वाट बघत राहिली. वाटलं नाही.

तिनं वोंदोला सांगितलं, "ती बाई खूप बोलते म्हणे." आणि त्यानं डोळे उघडले. उघडून तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी नीट, रोखून.

तिची धांदल उडाली. पुठ्ठा कुठं ठेवलाय ते आठवेना, मग सापडला, एक कोपरा पाण्यानं फुगला होता. "बोला," ती म्हणाली, "बोला मास, मी घाई नाही करणार." पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तो बघत होता. दुसऱ्या ओळीवर. तिसऱ्या. शेवटच्या ओळीपर्यंत ती गेली, हळूहळू, प्रत्येक ओळीवर थांबत. त्याच्या पापण्या हलल्या नाहीत. तो अक्षरांकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता.

ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली. पुन्हा शेवटपर्यंत गेली. हाताला रग लागली तेव्हा तिनं पुठ्ठा मांडीवर ठेवला.

"काय हवंय?" ती म्हणाली. "काय सांगू मी तुम्हाला?"

तो बघत राहिला. गळ्याच्या भोकाचं ते बटण पुसलं होतं, त्याचं उत्तर मात्र तिनं अजून दिलेलं नव्हतं. पाणी खाटेखालच्या पहिल्या विटेपर्यंत आलं होतं. तांदळाची गोणी जमिनीवरच होती, तेवढी उचलायला ती उठली.